मशीन उशिरा आलं म्हणून पूर्ण 14 लाखांचा दावा लावताय? थांबा जरा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचं जुनं प्रकरण आठवलं. दिवाळीआधी येणारं पॅकिंग मशीन डिसेंबरात आलं, फराळाची 14 लाखांची ऑर्डर हातची गेली, म्हणून 14 लाख मागायचेत म्हणता. पण 14 लाख ही विक्रीची रक्कम हो, नुकसान नव्हे. बेसन, तेल, पाकिटं, रोजंदारी, जे खर्च झालंच नाही ते आधी वजा करा. समजा 9 लाख वाचले तर उरले 5. गाळ्याचं भाडं वजा करू नका, ते भरलंच होतंत, पण मग ते वरून वेगळं मागूही नका, उलटतपासणीत तिथेच पकडतात.

आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना, रत्नागिरीकडे. ऐन मे महिन्यात पत्र्याच्या डब्यांच्या सप्लायरने हात वर केले. उद्योजकांच्या मदतीसाठीच असलेल्या एका ऑफिसात विचारलं तर साहेब ठणकावून म्हणाले, दुसरीकडून डबे घेऊच नका, केस कमजोर होते. कोल्हापुरात डबे मिळत होते, महाग पण मिळत होते! आंबा थोडाच थांबतो, क्रेटच्या क्रेट काळे पडले, तळाला रस गळून माश्या बसलेल्या. पुढे लवादासमोर पहिला प्रश्न हाच, पर्याय होता तर घेतला का नाही? कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872, कलम 73 च्या स्पष्टीकरणातच आहे की नुकसान टाळायचे जे मार्ग उपलब्ध होते ते धरूनच भरपाई मोजायची. आम्हाला डब्यांच्या भावातला फरक तेवढा मिळाला, पल्पचा नफा गेला तो गेलाच. त्या साहेबांचा राग अजून जात नाही, एवढी एक ओळ वाचायला काय झालं होतं त्यांना?

तेव्हा तुम्ही भाड्याचं मशीन, जॉबवर्क (बाहेरून पॅकिंग करून घेणं) काही शोधलं असेल तर कोटेशनं, मेसेज सगळं जपा, शोधूनही मिळालं नाही हासुद्धा पुरावाच. आणि सप्लायरला या ऑर्डरबद्दल आधी लेखी कळवलं होतं का ते बघा. त्याच कलम 73 मध्ये गिरणीचं उदाहरण आहे, मशीन पोचवायला उशीर झाला, गिरणी बंद आहे हे वाहतूकदाराला सांगितलेलं, म्हणून तेवढ्या काळाचा सरासरी नफा मिळतो, पण हुकलेल्या सरकारी कंत्राटाचं नुकसान मिळत नाही. तुमची फराळाची ऑर्डर त्या कंत्राटासारखी ठरू नये, यासाठी तो मेसेज किंवा पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) शोधाच.

करारात उशिराचा दंड लिहिला असेल तर कलम 74 प्रमाणे ती वरची मर्यादा, तेवढे आपोआप मिळतात असं नाही. मी वकील नाही, कागद वकिलाला दाखवाच, पण करार मोडल्यापासून साधारण 3 वर्षांची मुदत असते, बोलणी चालू आहेत म्हणून ती घालवू नका.