शांता आपटे : दुधनीपासून प्रभातच्या फाटकापर्यंत

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. जुन्या काळच्या गायिका-अभिनेत्री शांता आपटे खरोखर सोलापूरकडच्या होत्या का, ही पहिली. ‘कुंकू’सारखा चित्रपट गाजवल्यावर त्या दोनच वर्षांत प्रभात या चित्रपट कंपनीतून का बाहेर पडल्या, ही दुसरी, आणि ‘डोक्यात हवा गेली म्हणून’ असे त्याचे कारण आपल्या वाचनात आले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. त्यांचा जन्म अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीचा. सोलापूरहून वाडी जंक्शनकडे निघालेली गाडी अक्कलकोट रोड मागे टाकून पुढे गेली की मराठीइतकेच कानडी कानावर पडणारे हे बाजारपेठेचे गाव लागते. वडील रेल्वेच्या नोकरीत होते. गाण्याचे शिक्षण झाले ते पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात. म्हणजे पुण्या-मुंबईने त्यांना पडदा दिला असला, तरी गळा तयार झाला तो आपल्याच जिल्ह्यात. मी गेली तीसेक वर्षे कामानिमित्त त्या मार्गाने गुलबर्ग्याला जातो, आणि दुधनी आली की डब्यातल्या कुणाला तरी हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ऐकणारा बहुधा ‘कशाला उद्याची बात’ गुणगुणून दाखवतो; मग ते गाणे ‘माणूस’मधले, शांता हुबळीकरांचे, हे समजावण्यात पुढचे स्टेशन येते.

1932 साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडक कृष्ण झाले होते आणि शांताबाई राधा. प्रभातने 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवले, आणि पुण्यातल्या पहिल्याच चित्रपटात, म्हणजे ‘अमृतमंथन’मध्ये (1934), त्या आल्या. ‘अमरज्योती’त (1936) दुर्गा खोटे यांच्यासमोर त्या राजकन्या होत्या. ही कामे चांगली होती, पण ती वाट्याला आली ती मुख्यतः गळ्यामुळे. ‘कुंकू’ने (1937) मात्र हिशेबच बदलला.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी तो काढला; हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. मामाने फसवून काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा (शांताबाई) हे लग्न मानायलाच नकार देते, एवढीच कथा. केशवराव दात्यांचे काकासाहेब थोर आहेत, याविषयी दुमत नाही. पण चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा शांताबाईंच्या गाण्याकडे लक्ष द्या. त्या चित्रपटात वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत नाही. जे कानावर पडते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. अशा उघड्या शांततेत गाताना गायिकेला लपायला जागा नसते. त्या काळचे बहुतेक गायक नट गाणे सुरू झाले की खांबासारखे उभे राहत, अभिनय तेवढ्यापुरता थांबे. शांताबाईंचे डोळे, मान, हात हे सगळे गाण्याबरोबर बोलत राहते, आणि म्हणून गाणे संपले कधी व संवाद सुरू झाला कधी हे जाणवतही नाही. त्याच घरात त्या लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गातात. कागदावर हे विचित्र वाटेल. पडद्यावर मात्र, कोंडलेल्या मुलीला बाहेरच्या जगाची हवा लागते आहे, असेच वाटते.

आता दुसरा प्रश्न. इथे आपण वाचलेल्या मताशी मी सहमत नाही.

प्रभातमध्ये नट-नटी महिन्याच्या पगारावर, कराराने बांधलेले असत. माझे आजोबा सोलापूरच्या ‘जुनी मिल’ या कापडगिरणीत होते, त्यामुळे मला ही व्यवस्था मिलच्या मस्टरसारखीच, म्हणजे हजेरीपटासारखीच, दिसते, आणि ही तुलना मला अपमानास्पद वाटत नाही. वेळेवर हजेरी, वेळेवर पगार, डोक्यावर छप्पर. फरक एवढाच की खात्यातला माणूस कंटाळून एका मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये जाऊ शके, आणि करारातला नट कंपनी चित्रपट देवो न देवो, दुसऱ्याच्या दारात उभा राहू शकत नसे. ‘गोपालकृष्ण’ (1938) हा शांताबाईंचा प्रभातमधला शेवटचा चित्रपट ठरला. जुलै 1939 मध्ये, करार आणि मेहनताना यांवरून वाद विकोपाला गेल्यावर, त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. कंपनीच्या जाहिरातींवर जिचा चेहरा झळकत होता, ती बाई कंपनीच्याच दारात अन्न सोडून बसली! पुरुष नटाने हे केले असते तर त्याला आपण बाणेदार म्हटले असते. बाईने केले म्हणून ‘हवा’. सोलापूरकरांना तरी संप आणि नखरा यांतला फरक सांगावा लागू नये.

शिवाय त्या नुसत्या रुसून बसल्या नाहीत. 1940 साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींसमोर त्यांनी या धंद्यातली पिळवणूक मांडली. आठवणींचा फुलोरा शोधाल तर निराशा होईल; ते पुस्तक हिशेब मागणारे आहे.

प्रभात सुटल्यावर काम थांबले, हेही खरे नाही. 1941 च्या तमिळ ‘सावित्री’साठी त्या तमिळ शिकल्या, त्या सावित्री झाल्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद. पुढच्याच वर्षी लाहोरचे निर्माते पांचोली यांचा ‘जमींदार’. मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त (1946) त्यांनी कोवळ्या लता मंगेशकरांबरोबर द्वंद्वगीत गायले. मला ही तबकडी फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एक युग दुसऱ्याशेजारी उभे राहून गाते आहे. त्यानंतर पाच-सहा वर्षांत पार्श्वगायन सर्वत्र रुळले, स्वतः गाणाऱ्या नटीची गरजच उरली नाही, आणि पगारी स्टुडिओंची व्यवस्थाही ढासळली. त्यांची उतरती कळा मी या दोन कारणांना जोडतो, स्वभावाला नाही. पुढचे चित्रपट बेताचेच होते. 24 फेब्रुवारी 1964 रोजी मुंबईत त्या गेल्या. नयना आपटे या त्यांच्या कन्या.

आपण पुण्यात असता, म्हणून एक सुचवतो. प्रभातची ती जागा आज फिल्म इन्स्टिट्यूटकडे आहे. लॉ कॉलेज रस्त्याने जाताना त्या फाटकाशी थोडे थांबा. मात्र आधी ‘कुंकू’ पाहून घ्या, आणि पाहताना सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा नीरा छडी कशी उचलते, तो प्रसंग चुकवू नका.