सवाल-जवाब: आमच्या पिशवीचा आणि जिनिव्हाचा संबंध काय?

मागच्या अंकात जिनिव्हात अडलेल्या जागतिक प्लास्टिक कराराबद्दल चार ओळी छापल्या काय आणि पत्रांचा ढीग पडला काय. बरीचशी चिडलेली आहेत, त्यातलंच एक आधी घेतोय.

सवाल: ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला एवढे देश जमले, दहा-अकरा दिवस बसले आणि हात हलवत परत गेले. एनजीओवालेपण विमानाने जाऊन फलक धरून उभे. इथे भाजीवाला अजून त्याच पातळ पिशवीत कोथिंबीर कोंबून देतोय. मग हा तमाशा कशासाठी? — एक वाचक, डोंबिवली

जवाब: राग समजतो, पण तो जरा चुकीच्या पत्त्यावर गेलाय. मार्च २०२२ मध्ये नैरोबीला यूएनच्या पर्यावरण सभेत ठराव झाला की प्लास्टिक प्रदूषणावर कायद्याने बांधील असा करार करायचा, आणि तोही नुसता कचऱ्यापुरता नाही तर प्लास्टिकच्या पूर्ण जीवनचक्राचा, म्हणजे कच्च्या मालापासून ते कचरा डेपोत पडेपर्यंत. ‘पूर्ण जीवनचक्र’ हे शब्द ठरावात यावेत म्हणून स्वयंसेवी संस्थांनी आधीपासून धोशा लावला होता. ते आले म्हणूनच पुढची सगळी भांडणं झाली, नाहीतर ‘कचरा नीट उचला, रिसायकल करा’ म्हणून सगळे खुशीत घरी गेले असते.

संस्थांचं म्हणणं सोपं आहे. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशोबाने २०१९ मध्ये जगात ४६ कोटी टन प्लास्टिक वापरलं गेलं, आणि कचऱ्यातलं शेवटी रिसायकल होतं ते जेमतेम ९ टक्के. मग मुळात बनतंय किती यावर बोला ना! बुसानच्या फेरीत, २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पनामाने तसा प्रस्ताव आणला, शंभरावर देश मागे उभे राहिले. पण सौदी, रशिया, इराण, कुवेत वगैरे तेल-गॅसवर जगणारे देश अडून बसले, आणि निर्णय एकमताने घ्यायचा म्हटल्यावर दोन-चार जणांनी नकाराची मान हलवली की शंभर जणांचं काही चालत नाही. जिनिव्हात तर अध्यक्षांनी जो मसुदा पुढे ठेवला त्यातून उत्पादनाचं कलमच गायब होतं, मग बऱ्याच देशांनी तो फेटाळला आणि १५ ऑगस्टच्या सकाळी सगळे करार न करताच उठले. माझ्या मते बरंच झालं, पोकळ करारावर सह्या झाल्या असत्या तर पुढची वीस वर्षं ‘झालाय ना करार’ म्हणून ऐकावं लागलं असतं.

आणि आपला देश कुठे होता? उत्पादनावर मर्यादा नको, निर्णय एकमतानेच हवा, ही आपल्या सरकारची भूमिका. कारण दिलं जातं विकासाच्या हक्काचं. त्यात तथ्य नाही असं नाही, माणशी वापरात आपण अमेरिकेच्या कितीतरी मागे आहोत. पण विकास होतो कारखान्याचा आणि तुंबतं तुमचं डोंबिवलीतलं गटार, हे काही मला पटत नाही.

आता तुमची कोथिंबीर. महाराष्ट्रात पिशवीबंदी मार्च २०१८ ची, देशभरात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी नको हा नियम डिसेंबर २०२२ अखेरचा. दंडाची पावती फाटते ती बहुतेक वेळा हातगाडीवाल्याची. ती पिशवी कुठल्यातरी गाळ्यात मशीनवर बनते, बंडल बांधून टेम्पोतून येते, तिकडे कोण जातं? जिनिव्हातही भांडण हेच झालं, फक्त गळ्यात टाय बांधून.

सवाल: संस्थांना मत नाही म्हणतात. मग आत बसून त्या नक्की करतात काय? मी पर्यावरणशास्त्र शिकते, कुणी नीट सांगतच नाही. — विद्यार्थिनी, पुणे

जवाब: मत नाही, खरंय. त्यांना निरीक्षक म्हणतात. गळ्यात बॅज असतो, मोठ्या सभेत सगळे देश बोलून झाले आणि वेळ उरला तर दोन मिनिटं माइक मिळतो, बऱ्याचदा तेही नाही. खरं काम गटांच्या बैठकांत. तिथे पडद्यावर मसुदा लावलेला असतो आणि ज्या शब्दाला कुणाचा आक्षेप असेल त्याच्याभोवती चौकोनी कंस पडतो. कंस म्हणजे ‘अजून ठरलेलं नाही’. जिनिव्हात मधल्या शनिवारपर्यंत असे कंस दीड हजाराच्या घरात गेले होते, म्हणजे वाक्यापेक्षा कंसच जास्त! ‘करतील’ ला कंस, शेजारी ‘करू शकतील’ लाही कंस. संस्थेची माणसं मागच्या खुर्च्यांवर लॅपटॉप घेऊन बसतात, कुठल्या देशाने काय बदललं ते टिपतात, आणि बैठक सुटली की चहाच्या रांगेत छोट्या देशाच्या प्रतिनिधीला गाठून सांगतात की बाबा, या एका शब्दाने अख्खं कलम ऐच्छिक होतंय. बेटांसारख्या छोट्या देशांकडून दोन-तीनच माणसं येतात, एकाच वेळी चार गट चालू असतात, त्यांना ही मदत लाखमोलाची.

म्हणूनच दारं बंद झाली की आरडाओरडा होतो. बुसानमध्ये शेवटी शेवटी बैठका बंद खोल्यांत गेल्या, संस्थांची माणसं बाहेर कॉरिडॉरमध्ये. आणि आत-बाहेर कोण कोण फिरत होतं ते पण बघ: सीआयईएल या पर्यावरण कायद्यावर काम करणाऱ्या संस्थेने नावं मोजली तर बुसानमध्ये तेल, गॅस आणि केमिकल उद्योगाचे २२० लॉबिस्ट, म्हणजे उद्योगाची बाजू रेटणारी माणसं, निघाले, यजमान कोरियाच्या स्वतःच्या शिष्टमंडळापेक्षाही जास्त. जिनिव्हात २३४.

यश येतच नाही असंही नाही हां. श्रीमंत देशांचं घाणेरडं प्लास्टिक भंगार आशियात येऊन पडायचं, त्यावर संस्थांनी रान उठवलं, नॉर्वेने प्रस्ताव मांडला आणि मे २०१९ मध्ये बासेल करारात, म्हणजे घातक कचरा देशाबाहेर पाठवण्याबद्दलच्या करारात, दुरुस्ती झाली, की असा माल पाठवायचा तर घेणाऱ्या देशाची आधी संमती लागेल. २०२१ पासून ती लागूही आहे.

सवाल: आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताई सांगत होत्या की त्यांच्यासारख्या बायका परदेशात अशा मीटिंगला जाऊन बोलतात. खरं का हो? की गंमत करत होत्या? — एक वाचक, कोथरूड

जवाब: अगदी खरं, आणि या अंकातला हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. जगभरच्या अशा संघटनांची मिळून एक आंतरराष्ट्रीय आघाडी आहे, लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशिया सगळीकडची, आणि तिची माणसं करार-वाटाघाटींच्या फेऱ्यांना जातात. त्यांची मागणी अशी की प्लास्टिक कमी कराल, मोठ्या कंपन्यांना ठेके द्याल, पण आजवर फुकटात शहर साफ ठेवणाऱ्यांच्या पोटाचं काय? म्हणून मसुद्यात ‘न्याय्य संक्रमण’ नावाचं कलम आलं आणि त्यात कचरावेचकांचा उल्लेख. शब्द जड आहे, अर्थ एवढाच की बदल करताना आमच्या ताटात माती कालवू नका.

यातलं खोचक म्हणजे कंपन्यांना धारेवर धरायचं काम या बायकांनी जिनिव्हाच्या कितीतरी आधी केलंय. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कचऱ्यात तसेच उघडे यायचे, हाताने वेगळे करायला लागायचे. तर २०१३ च्या सुमारास त्यांनी ते पिशव्यांत भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले, घ्या तुमचा माल! २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी गुंडाळायला पाकीट द्यायचं असं कलम आलं. तुमच्या घरात पाकिटासकट पॅड येतं का, बघा एकदा. नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे ताईंना उघडून बघावं लागत नाही.

बाकी चिप्सची चकचकीत पुडी, तिला त्या काय म्हणतात विचारा. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली विकली जाते, पुडीला भंगारवाला हात लावत नाही. जी कुणी विकत घेत नाही ती बनवताच कशाला, हे बनवणाऱ्याला विचारायचं ते इथेच.

सवाल: आम्ही चाळीस वर्षं ग्राहक पंचायतीच्या संघातून महिन्याचा माल एकत्र घेतो, डबे-पिशव्या घरच्याच. मुलगा म्हणतो याला सस्टेनेबल कन्झम्प्शन म्हणतात. मग आम्ही कधीचेच मॉडर्न की! आणखी काय करता येईल? — ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले

जवाब: आहातच. आणि गंमत बघा, १९८५ ला यूएनने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा शाश्वत उपभोगाचा, म्हणजे तुमच्या मुलाच्या सस्टेनेबल कन्झम्प्शनचा, भाग त्यात नव्हता. जगभरच्या ग्राहक संघटना मागे लागल्या तेव्हा कुठे १९९९ मध्ये तो घातला गेला. म्हणजे स्वस्त आणि चांगलं मिळण्याइतकंच, ते कसं बनलं हे विचारणं हाही ग्राहकाचाच विषय.

करण्यासारखं म्हणाल तर दोन गोष्टी. पाकिटावर ‘इको फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असं छापलेलं दिसलं आणि कशावरून ते कुठेच नसेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हिरव्या थापांविरुद्ध केंद्राच्या गाइडलाइन्स आल्यात, पाकिटाचा फोटो मात्र काढून ठेवा. दुसरं, केंद्राचं पर्यावरण मंत्रालय नियम बदलताना आधी मसुदा राजपत्रात टाकतं आणि हरकतींना साधारण ६० दिवस देतं. उद्योगवाल्यांची पत्रं वेळेत जातात, आपली जात नाहीत. संघातल्या पंधरा-वीस घरांनी मराठीत चार ओळी लिहून पाठवल्या तरी नोंद होते.

सवाल: ‘सस्टेनेबल’ ला शाश्वत म्हणावं की टिकाऊ? — निवृत्त मराठी शिक्षक, सातारा

जवाब: गुरुजी, शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं, आणि टिकाऊ म्हणजे दारावरचा खुर्चीवाला ‘घ्या ताई, टिकाऊ आहे’ म्हणतो ते. दोन्ही शब्द प्लास्टिकलाच जास्त शोभतात. ‘बेताचं उत्पादन, बेताचा वापर’ कसं वाटतं?