नेत्याचं लफडं खाजगी असेलही, पण ते झाकायला काय काय वापरलं?

"जो स्वतःच्या बायकोशी प्रामाणिक नाही तो जनतेशी काय राहणार?" हा नेत्यांच्या विवाहबाह्य संबंधांवरचा तुमचा प्रश्न ऐकायला इतका बिनतोड वाटतो ना, की म्हणूनच मला त्याचा जरा संशय येतो. माझ्यापुरतं सांगायचं तर नुसत्या लफड्यापायी मी कुणाचं मत कापणार नाही, पण ते लपवायला त्याने कुणाचे पैसे वापरले, खुर्ची कशी वापरली आणि कुणासमोर खोटं बोलला, हे मात्र खोदून खोदून बघणार. आपलं होतं काय की पहिल्या भागावरच महिनाभर चघळणं चालतं, फोटो, चॅट, कोण कुठल्या हॉटेलात, आणि दुसऱ्या भागाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

याचं एकदम क्लासिक उदाहरण म्हणजे जॉन प्रोफ्युमो. ब्रिटनचे युद्धमंत्री, विवाहित, आणि क्रिस्टीन कीलर नावाच्या तरुणीशी संबंध. त्यात तिची सोव्हिएत दूतावासातल्या एका नौदल अधिकाऱ्याशीही ओळख, म्हणजे शीतयुद्धाच्या काळात किती बोंबाबोंब झाली असेल विचार करा. मार्च १९६३ मध्ये साहेब संसदेत उभे राहिले आणि गैर असं काही घडलेलंच नाही म्हणून मोकळे झाले. जूनमध्ये कबूल केलं की ते खोटं होतं, आणि मंत्रिपद गेलं. पुढे डेनिंग नावाच्या न्यायाधीशांनी चौकशी केली तर देशाची गुपितं वगैरे काही फुटलेली नव्हती! म्हणजे नडलं ते सभागृहात बोललेलं खोटं. संसदेत मंत्री काय बोलतो त्यावर सगळा कारभार चालतो, तिथेच खोटं म्हटल्यावर बाकी उरतं काय. आणि हेही सांगायला हवं की याच माणसाने नंतर कित्येक वर्षं पूर्व लंडनच्या एका सेवाभावी संस्थेत गुपचूप काम केलं, १९७५ मध्ये त्यासाठी सरकारी सन्मानही मिळाला.

आता फ्रान्सचं उदाहरण लोक हमखास देतात, की बघा तिकडे लोक किती मॅच्युअर, राष्ट्राध्यक्ष मित्तराँचं दुसरं घर होतं, मुलगी होती, १९९४ मध्ये मासिकात फोटो आले तरी फार काही आकाश कोसळलं नाही, १९९६ मध्ये अंत्ययात्रेला दोन्ही कुटुंबं हजर. हे सगळं खरं आहे हो, पण पुढचं कुणी सांगत नाही. ते दुसरं कुटुंब राहायचं सरकारी घरात, त्यांना संरक्षण सरकारी. आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातच दहशतवादाशी लढायला म्हणून एक खास पथक नेमलेलं, त्या पथकाने पत्रकार, लेखक, वकील अशा कितीतरी जणांचे फोन चोरून ऐकले, त्यात एक लेखक असा होता जो या मुलीचं गुपित फोडायची धमकी देत होता. २००५ मध्ये कोर्टाने त्या प्रकरणात अनेकांना दोषी धरलं, तोवर मित्तराँ जाऊन नऊ वर्षं झालेली. आता बोला, हे खाजगी राहिलं का? दोन घरं सांभाळली त्याचं मला काही नाही, त्यांच्या बायकोने काय ते बघून घेतलं असेल. पण स्वतःची भानगड झाकायला जो सरकारी यंत्रणा दुसऱ्याच्या फोनला लावतो त्याच्यावर मी नाही विश्वास ठेवणार.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि त्यांच्या ऑफिसातली मोनिका लेविन्स्की, हे प्रकरण तर सगळ्यांना माहितीच आहे. डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोगाचा ठराव पास झाला आणि त्याच सुमारास गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत त्यांचं काम पसंत असणारे ७३ टक्के होते! लोकांनी सरळ दोन खाती वेगळी केली, घरचं घरी, कारभार कारभाराच्या जागी. मला ते अर्धंच पटतं. कारण समोरची मुलगी विशीतली, ऑफिसात इंटर्न, आणि हे जगातले सगळ्यात पॉवरफुल बॉस, याला निव्वळ दोघांचं खाजगी म्हणणं मला जड जातं, आणि वर शपथेवर फिरवाफिरवी केली ती वेगळीच. पण गंमत बघा, त्या वेळी त्यांच्यावर तुटून पडलेले अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे स्पीकर गिंग्रिच, यांचं स्वतःचं बाहेर प्रकरण त्याच काळात चालू होतं, २००७ मध्ये त्यांनी स्वतःच कबूल केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जो दुसऱ्याच्या संसारावरून मतं मागतो त्याचा संसार मग लोकांनी तपासला तर त्याने कांगावा करू नये, एवढं साधं आहे.

तुमच्या बाजूने एक पुरावा मात्र आहे, तो मी लपवत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला. ॲशली मॅडिसन ही विवाहबाह्य संबंधांसाठीची साइट २०१५ मध्ये हॅक होऊन यादी बाहेर पडली होती, संशोधकांनी ती पोलीस, आर्थिक सल्लागार, कंपन्यांचे मोठे अधिकारी आणि आर्थिक गुन्हेगार यांच्या नोंदींशी ताडून बघितली, तर कामात गैरप्रकार केलेल्यांची नावं त्या यादीत सापडण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. म्हणजे घरचा स्वभाव ऑफिसात येतच नाही असं छातीठोक नाही म्हणता येत. पण हे झालं गटाचं. आणि गट कुठला, तर साइटवर पैसे भरून, ठरवून लफडं शोधायला गेलेल्यांचा. एका माणसाला त्याच मापाने मोजलं तर अन्याय होतो. उलट बाजूने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन घ्या, १९७४ मध्ये वॉटरगेटच्या हेरगिरी प्रकरणात राजीनामा द्यायला लागला, त्यात बाईचा काडीचा संबंध नव्हता, म्हणून काय ते भरवशाचे ठरले का?

त्यामुळे तुमच्या मनात जो कोणी नेता असेल (नाव दिलं नाहीत ते बरंच केलंत), त्याच्याबद्दल आधी एवढं शोधा: जिच्याशी संबंध होते त्या व्यक्तीला त्याने पद, कंत्राट, नोकरी काही दिलं का, ती त्याच्या हाताखाली होती का, गप्प बसवायला पैसे गेले असतील तर ते कुणाच्या खिशातले, आणि प्रकरण बाहेर आल्यावर तो पहिल्या दिवशी काय बोलला. सगळीकडे "नाही" आलं आणि पहिल्या दिवशी खरं बोलला असेल तर माफ करायचं की नाही हे त्याच्या बायकोने ठरवावं, मी त्याचं बजेट आणि रस्ते बघेन. आणि हो, नेता बाई असती तरी हेच प्रश्न विचारले असते का, तेही एकदा स्वतःला विचारून बघा, कारण बाईच्या बाबतीत नुसती कुजबुज पुरते, कागद कुणी मागत नाही.