वाचकांचे प्रश्न: ज्येष्ठ राजकीय पत्रकाराचा निवृत्ती सत्कार

प्रश्न: आमच्या तालुका पत्रकार संघातले सर्वांत ज्येष्ठ सहकारी पस्तीस वर्षांच्या राजकीय वार्तांकनानंतर निवृत्त होत आहेत. पालकमंत्री आणि आमदारांच्या हस्ते जंगी सत्कार करावा, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. आखणी कशी करावी?

उत्तर: आधी तारीख पक्की करा. विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस टाळा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपुरात. त्या दिवसांत नेते आणि राजकीय बातमीदार दोघेही तिकडे असतात. 6 जानेवारीही नको. पत्रकार दिनी गावोगाव कार्यक्रम असतात, त्या गर्दीत तुमचा सत्कार हरवेल. निवडणूक तोंडावर असेल तर आचारसंहिता लागताच मंत्र्यांचे दौरे बदलतात आणि छापलेली पत्रिका वाया जाते. वेळ सकाळी 11 ची ठेवा. संध्याकाळी सहानंतर बातमीदार अंक लावण्याच्या घाईत असतो. मग सभागृह भरते ते पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांनी.

आता व्यासपीठ. मंत्री-आमदारांना निमंत्रण अवश्य द्या, पण शाल त्यांच्या हातून नको, असे आमचे ठाम मत आहे. ज्यांच्या कारभारावर या माणसाने आयुष्यभर लिहिले, त्यांच्याकडून मान घेतानाचा फोटो उद्या त्याच्या जुन्या बातम्यांवरही शंकेची सावली टाकतो. आणखी एक गोष्ट हमखास घडते. मंत्री तासभर उशिरा येतात, आल्याबरोबर कॅमेरे त्यांना कालच्या घडामोडींवर बाइट मागतात, आणि दुसऱ्या दिवशीची बातमी त्या बाइटची होते. सत्कारमूर्ती शेवटच्या ओळीत ‘यावेळी उपस्थित होते’ म्हणून उरतात. म्हणून पाहुण्यांना पहिल्या रांगेत मानाने बसवा, बाइटची सोय कार्यक्रमानंतर सभागृहाबाहेर करा आणि वेळ झाली की कोणासाठीही न थांबता सुरुवात करा. शाल निवृत्त सहकाऱ्याने, जुन्या मुद्रितशोधकाने किंवा नियमित पत्र लिहिणाऱ्या वाचकाने घालावी.

व्यासपीठावर चारच खुर्च्या, प्रास्ताविक पाच मिनिटे, दोन भाषणे प्रत्येकी सात मिनिटांची. उरलेला वेळ सत्कारमूर्तींच्या प्रकट मुलाखतीला द्या. 45 मिनिटांत दहा-बारा प्रश्न होतात. मुलाखत त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुण बातमीदाराने घ्यावी. प्रश्न आधी दाखवा, आणि एक पथ्य कसोशीने पाळा: ‘ती बातमी तुम्हाला कोणी दिली होती?’ हे गमतीतही विचारायचे नाही. निवृत्त झाला तरी पत्रकाराने सूत्राला दिलेला शब्द कायम असतो. टाळ्यांच्या भरात एखादे नाव निसटले, तर आजही नोकरीत असलेला एखादा अधिकारी अडचणीत येतो.

प्रश्न: मानपत्र कसे लिहावे? आमचा मसुदा ‘निर्भीड, परखड, अभ्यासू’च्या पुढे सरकत नाही.

उत्तर: कारण ती विशेषणे कोणालाही लागू पडतात. दोन-तीन बातम्या निवडा आणि प्रत्येकीची तारीख, विषय, त्यातून काय बदलले एवढे लिहा. ‘टँकरच्या खोट्या फेऱ्यांची बातमी छापून आल्यावर चौकशी लागली’ हे एक वाक्य दहा विशेषणांना भारी आहे. परिणाम झाला नसेल तर तो रचू नका. बातमी खरी होती एवढे पुरे. लांबी 250 शब्दांच्या आत ठेवा, म्हणजे वाचन अडीच मिनिटांत आटोपते. मसुदा आधी सत्कारमूर्तींना वाचून दाखवा. चौकटीत बसवलेली चुकीची तारीख नंतर दुरुस्त होत नाही.

प्रश्न: त्यांच्या निवडक लेखनाचे पुस्तक काढायचे आहे. वृत्तपत्राची परवानगी लागते का?

उत्तर: नेमणुकीचा करार आधी पाहा. करारात वेगळे काही नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना लिहिलेला मजकूर वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा असतो. पुस्तकासह बाकीचे हक्क लेखकाकडे राहतात. तरीही संपादकांना पत्र देऊन पुस्तकात ऋणनिर्देश करणे चांगले. छायाचित्रांसाठी छायाचित्रकाराची लेखी संमती वेगळी घ्या.

खरा वेळ जातो तो मजकूर गोळा करण्यात, म्हणून चार महिने आधी हात घाला. जुन्या बातम्यांवर नाव नसते, नुसते ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असते. कोणती बातमी त्यांची हे तेच सांगू शकतात. त्यांच्याबरोबर बसून वर्षवार यादी करा. खुणेच्या तारखा दिल्या की आठवणी भराभर निघतात: 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारी भूकंप, 1995 चे सत्तांतर, जून 1999 मधली राष्ट्रवादीची स्थापना, 23 नोव्हेंबर 2019 चा पहाटेचा शपथविधी.

कात्रणांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनही नको. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागदात उतरून अक्षरांवर तपकिरी डाग पाडतो. स्कॅन 300 डीपीआयला, बारीक टाइप असेल तर 400 ला करा. मोठे पान घरगुती स्कॅनरवर मावत नाही. घडी घालण्यापेक्षा दोन भागांत, कडा थोड्या एकमेकांवर येतील असे घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमधल्या फायली युनिकोडमध्ये बदलताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात. ‘निवडणूक’, ‘मंत्रिमंडळ’, ‘कार्यकर्ते’, ‘अर्थसंकल्प’ हे शब्द प्रत्येक पानावर डोळ्यांनी तपासा, संगणकाच्या भरवशावर राहू नका.

छपाईत पाने 16 च्या पटीत धरा. एका तावावर एकत्र छापली जाणारी 16 पाने म्हणजे एक फॉर्म, म्हणून 96 पानांचे सहा फॉर्म होतात. 100 पाने केलीत तर चार पानांसाठी वेगळा खर्च पडतो. मान्यवरांचे शुभेच्छा संदेश एका पानावर उरका.

टिपणवह्या आणि मुलाखतींच्या कॅसेट त्यांनी स्वतः चाळल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नका. वह्यांत सूत्रांची नावे आणि फोन नंबर असतात.

प्रश्न: थैली द्यावी का?

उत्तर: वाचक आणि सहकाऱ्यांच्या वर्गणीतून जरूर द्या. पदावरचे पुढारी, ठेकेदार आणि साखर कारखाने यांच्याकडून एक रुपयाही नको. देणगीदारांची यादी सभागृहात लावा. नातेवाइकांखेरीज इतरांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण भेट 50,000 रुपयांवर गेली, तर वरची नव्हे, सगळीच रक्कम करपात्र ठरते. म्हणून आकडा ठरवण्याआधी सीएंना विचारा आणि पैसे धनादेशानेच द्या.

थैलीइतकेच महत्त्वाचे काम आणखी एक आहे. ज्येष्ठ पत्रकारांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य शासनाच्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजनेचा अर्ज त्यांच्यासाठी तयार करा. वय आणि अनुभवाच्या सध्याच्या अटी जिल्हा माहिती कार्यालयात विचारा. अर्ज अडतात ते बहुधा अनुभवाच्या पुराव्यावर: पहिले दैनिक बंद पडलेले, नेमणूकपत्र हरवलेले, बातमीवर नाव नाही. नेमणूकपत्रे, पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी, अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकाराचे सरकारी ओळखपत्र) आणि नावानिशी छापलेल्या लेखांची कात्रणे वर्षवार लावा. सध्याच्या संस्थेकडून अनुभवाचा दाखला कामाच्या शेवटच्या दिवसाआधीच घ्या. नंतर तोच दाखला मिळवायला हेलपाटे घालावे लागतात.