सही करायच्या आधी

प्रश्न : ताई, आमचा चौघांचा मराठी रॉक बँड आहे. सगळे नोकरी सांभाळून वाजवतो. दर शनिवारी पुण्यातल्या एका पबमध्ये कार्यक्रम असतो. मालक म्हणतात, हिंदी गाणी वाजवा, स्वतःची फार तर दोन. आम्ही पदरचे पैसे घालून सहा गाणी रेकॉर्ड केली, ती ऐकून एका म्युझिक कंपनीने करार पाठवलाय. गिटारचे सोलो छाटा, सुरुवात छोटी करा, आणि सगळे हक्क ‘जगभरासाठी, कायमस्वरूपी’ त्यांचे. ड्रमर म्हणतो सही करू, पुन्हा कोण विचारणार? मला वाटतं, मग बँड काढलाच कशाला?
– एक गिटारिस्ट, पुणे

उत्तर : पबमालकाची अट आणि कंपनीचा करार तुम्ही एकाच मापाने मोजताय, तसं करू नका. शनिवारची हिंदी गाणी ही त्या रात्रीची मजुरी आहे. कार्यक्रम संपला की व्यवहार संपला, तुमचं काहीही मालकाकडे राहत नाही. दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडनेही सुरुवातीला दुसऱ्यांच्याच लोकप्रिय गाण्यांना मेटलचा साज चढवला. त्यातून श्रोते जमवले आणि २०२२ साली ‘रक्षक’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम स्वतःच काढला.

मी बरीच वर्षं कार्यक्रमांना साउंड कन्सोलवर बसते. ‘आता आमचं स्वतःचं गाणं’ असं गायक म्हणाला, की समोरच्या टेबलांवर मोबाइल निघतात, वेटरला हाका सुरू होतात. तेव्हा काही बोलूच नका. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं संपवा आणि टाळ्या चालू असतानाच ड्रमरला त्याच लयीत तुमचं गाणं उचलू द्या. मध्ये ट्यूनिंगला थांबायचं नाही. आणि ही दोन गाणी सुरुवातीला उरकून टाकू नका, पब भरल्यावरची वेळ मागून घ्या. तेवढं मालक देतात.

सोलो छाटण्यामागे हिशेब आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं, आणि १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याची रॉयल्टी निघत नाही. म्हणून लांब सुरुवात कंपन्यांना नको असते. छोटी आवृत्ती करायचीच तर तुम्ही स्वतः बसून करा, मूळ लांब आवृत्तीही प्रसिद्ध करण्याची मुभा करारात लिहून घ्या. पण ज्या गाण्यात सोलो काढला की उरतं फक्त धृपद, त्याला कात्री लावू देऊ नका. तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

खरा धोका ‘कायमस्वरूपी’ या शब्दात आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते दोन्ही ठळक लिहून पाठवतात. स्टुडिओचा खर्च आणि जबाबदारी तुमची, म्हणजे रेकॉर्डिंगचे मालक आज तुम्ही आहात. ती मालकी देऊ नका. ठरावीक वर्षांचा परवाना द्या, तोही याच सहा गाण्यांचा. पुढच्या गाण्यांवर हक्क सांगणारं कलम असेल तर ते खोडायला लावा, आणि सगळा कागद एकदा वकिलाला दाखवा. कंपनी ऐकत नसेल तर सही करू नका. हक्क गेल्यावर तुमचंच गाणं वापरायला तुम्हाला परवानगी मागावी लागेल, मी असे बँड पाहिलेत आणि त्यांचं दुःख मला अजून बघवत नाही.

ड्रमरची भीती मात्र खोटी नाही. म्युझिक कंपनीशिवाय राहायचं तर कष्ट उपसावे लागतात. वॉशिंग्टनच्या फुगाझी या रॉक बँडने मोठ्या कंपन्यांना नकार दिला, तिकीट बहुतेकदा पाच डॉलरच ठेवलं, पण कार्यक्रम ठरवण्यापासूनची कामं स्वतः केली. तुम्हा चौघांपैकी ही कामं कोण करणार, हे ड्रमरला विचारू द्या आणि त्याला नीट उत्तर द्या.

आणखी एक. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपल्या रॉयल्टीचा हक्क कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. पण प्रत्यक्षात पैसे पोचतात ते कागदावर ज्यांची नावं आहेत त्यांनाच. या आठवड्यात चौघं बसा, प्रत्येक गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, ते लिहून सह्या करा आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे सदस्यत्वाचा अर्ज करा. एखादी चाल ड्रमरच्या ठेक्यातूनच जन्मली असेल तर संगीतकारांत त्याचं नाव आत्ताच घाला. कंपनीला उत्तर त्यानंतर पाठवा.