नादारीचा अर्ज : वकील कसा शोधायचा, फी कशी द्यायची?

प्रश्न : बार्शीतलं माझं कापड दुकान बंद पडलं. बँक, दोन पतसंस्था आणि घाऊक व्यापारी मिळून अकरा लाखांचं देणं आहे. दिवाळखोरी जाहीर करायची तर वकील कसा शोधू? फीचेच पैसे नाहीत. – एक वाचक

उत्तर : वकिलाकडे 'नादारीच्या अर्जा'बद्दल विचारा, कोर्टात दिवाळखोरीसाठी हाच शब्द चालतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झाला आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. तुमच्यासारख्यांना अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा लागतो आणि अर्ज जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयात करावा लागतो. (मुंबई शहराला १९०९ चा वेगळा कायदा आणि उच्च न्यायालय.) त्यामुळे 'कंपनी न्यायाधिकरणात टाकू' म्हणणाऱ्या वकिलाला हे काम माहीत नाही, असं समजा.

ही कामं करणारे वकील थोडेच असतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तुमचं न्यायालय निवडा, कायद्याच्या नावाने शोधा आणि निकाली प्रकरणं उघडा. अर्जदाराच्या नावापुढे वकिलाचं नाव दिसतं. ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतील, त्यांना भेटा.

जाताना एका कागदावर प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) नाव, पत्ता, रक्कम, तारण आणि जामीनदार लिहून न्या. दुसऱ्या कागदावर तुमची मालमत्ता, अगदी शिलाई मशीनसुद्धा. अर्जात हे सगळं द्यावंच लागतं. लपवलेलं उघडकीला आलं तर तो गुन्हा ठरतो. मग विचारा, 'अर्ज दाखल होताच वसुली थांबेल का?' 'हो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. तुम्हाला नादार ठरवणारा आदेश झाल्यावरच धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. तारण ठेवलेल्या घरावरचा बँकेचा हक्क त्यानंतरही कायम राहतो. जामीनदारही सुटत नाही, हे त्याला आजच सांगा.

फी एकरकमी ठरवू नका. तीन टप्पे पाडा : अर्ज दाखल करणं, नादारीचा आदेश आणि शेवटी मुक्तीचा, म्हणजे कर्जातून सुटका मिळण्याचा अर्ज. हा तिसरा टप्पाच लोक विसरतात. आदेशात कोर्ट मुदत घालून देतं; तिच्यात मुक्तीचा अर्ज केला नाही तर नादारी रद्द होऊ शकते आणि धनको पुन्हा दारात उभे राहतात. टायपिंग, प्रतिज्ञापत्रं, प्रत्येक धनकोला नोटीस आणि राजपत्रातली प्रसिद्धी यांचा खर्च फीत धरलाय की वेगळा, हे लिहून घ्या. 'कर्ज सुटलं तर दहा टक्के' असा ठराव वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलचे (वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे) नियम त्याला मनाई करतात.

तुमचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. 'नादारीचा अनुभव असलेला वकील हवा' असं अर्जातच लिहा. या वकिलाने पैसे मागितले तर समितीकडे लेखी तक्रार करा.

एक कळकळीची विनंती. घर बायकोच्या नावावर करू नका आणि मेहुण्याचे पैसे आधी फेडू नका. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर, आणि अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन केलेली फेड, कोर्ट रद्द करू शकतं. मग मुक्तीही अडते.

प्रश्न : फी थकली म्हणून जुने वकील कागद देत नाहीत. काय करू?

उत्तर : फीपोटी फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे स्पष्ट केलंय. रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवून कागद आणि वकील बदलायला नाहरकत मागा, पोच जपून ठेवा. तरीही दाद मिळाली नाही तर ते पत्र जोडून बार कौन्सिलकडे तक्रार करा. दरम्यान नव्या वकिलाला दाखल कागदांच्या प्रमाणित नकला कोर्टातून काढायला सांगा.