पावसाळ्यात बोका लिटर बॉक्स सोडून पायपुसण्यावर शू करतो, काय करावं?

बहुधा त्याला दमट, वास मारणारी वाळू नकोशी झाली आहे. ती पूर्ण बदला आणि बॉक्स कोरड्या, शांत कोपऱ्यात ठेवा. फोंड्यात माझ्याकडे चार मांजरं आहेत. जूनमध्ये हवा ओली झाली की बॉक्सच्या तळाशी चिखल होतो. मांजर पंजा टेकवतं, झटकतं आणि मागे फिरतं. दिवसातून दोनदा घाण काढा, बिनवासाची वाळू वापरा. पायपुसणं एन्झाइमवाल्या क्लीनरने धुवा. फिनेल अजिबात नको, ते मांजरांना विषारी असतं. ओरडू नका, बिचारा घाबरून आणखी लपून करेल. मात्र तो पुन्हापुन्हा बसून कण्हत असेल आणि थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा ताबडतोब व्हेटकडे न्या, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.